फीत आहे, पण यंत्र कुठे?
(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

जुनी नाणी जमवणारा माणूस आपल्याला चालतो. पोस्टाची तिकिटे, ग्रामोफोनच्या तबकड्या, पितळी अडकित्ते जमवणाऱ्यांचे तर आपण कौतुक करतो. पण एखादा माणूस जुने व्हीसीआर जमवतो आणि ते चालू ठेवण्यासाठी धडपडतो असे कळले, की ऐकणारा आधी हसतो आणि मग विचारतो, ‘ही अडगळ कशाला?’ छावणीतल्या माझ्या दोन खोल्यांपैकी एक खोली या अडगळीनेच भरलेली असल्यामुळे हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. त्याचे उत्तर थोडे सविस्तर द्यावे, म्हणून आज बोलतो आहे.

पुस्तक वाचायला डोळे पुरतात. छायाचित्र उजेडात धरले की दिसते. सिनेमाच्या रिळाचा तुकडा सूर्याकडे धरला तर त्यातली लहान लहान चित्रे ओळखता येतात. ग्रामोफोनच्या तबकडीवर कागदाची पुंगळी आणि सुई टेकवली तरी बारीक का होईना, आवाज उमटतो. व्हिडिओच्या फितीचे तसे नाही. ती कितीही उजेडात धरा, तपकिरी-काळ्या पट्टीखेरीज काही दिसणार नाही. तिच्यावर चित्र नसतेच. चुंबकीय कणांच्या मांडणीत लिहिलेली एक लिपी असते आणि ती वाचणारे एकच यंत्र जगात आहे. ते यंत्र गेले, की घरात फीत असून नसल्यासारखी. म्हणून मला व्हीसीआर ही शोभेची वस्तू वाटत नाही. मोडी लिपी वाचणारा शेवटचा जाणकार गावात असावा, तसा तो मला वाटतो.

या यंत्राचा जन्म घरासाठी झालेला नव्हता. अमेरिकेतल्या अँपेक्स कंपनीने १९५६ साली पहिला व्यवहारात चालणारा व्हिडिओ रेकॉर्डर दाखवला. त्याची फीत दोन इंच रुंद होती आणि यंत्र कपाटाएवढे. ते फक्त दूरचित्रवाणी केंद्रांनाच परवडत असे. घरात मावेल असे यंत्र बनवण्याची शर्यत पुढे जपानमध्ये लागली. १९७५ साली सोनीने बेटामॅक्स आणले. १९७६ साली जेव्हीसी कंपनीने शिझुओ ताकानो आणि युमा शिराइशी यांच्या चमूने घडवलेली व्हीएचएस पद्धत बाजारात उतरवली. बेटामॅक्सच्या पहिल्या कॅसेटवर एक तास मावायचा, व्हीएचएसवर दोन. अमेरिकेत चित्रपट कंपन्यांनी सोनीला न्यायालयात खेचले. घरी बसून कार्यक्रम टिपून ठेवणे म्हणजे चोरीच, असे त्यांचे म्हणणे होते. १७ जानेवारी १९८४ रोजी तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी निकाल दिला, की सवडीने पाहण्यासाठी घरी केलेले रेकॉर्डिंग हा गुन्हा नव्हे. एका मताने पारडे फिरले असते तर या यंत्राचा इतिहास निराळा झाला असता.

आपल्याकडे १५ ऑगस्ट १९८२ रोजी दूरदर्शन रंगीत झाले आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये दिल्लीत आशियाई खेळ झाले. रंगीत संचाच्या मागोमाग व्हीसीआर आला. आपल्या शहरात तो दोन वाटांनी आला. एक वाट आखाती देशांची. कामाला गेलेला मुलगा सुटीवर येताना नॅशनल किंवा अकाईचा डबा घेऊन यायचा आणि गल्लीतली पोरे तो उतरवायला धावायची. आखातातल्या बऱ्याच देशांची प्रसारणपद्धती आपल्यासारखीच ‘पाल’ असल्यामुळे ते यंत्र इथल्या संचाला लावले की चालत असे. दुसरी वाट होती मुंबईची. तिथल्या बाजारातून आणलेल्या मालाच्या पावतीची चौकशी सहसा कोणी करत नसे.

विकत घेणे मात्र थोड्यांनाच शक्य होते. यंत्राची किंमत साध्या नोकरदाराच्या कित्येक महिन्यांच्या पगाराइतकी. बाकीच्यांसाठी ‘व्हिडिओ लायब्ररी’ होती. रात्रभरासाठी रंगीत संच, व्हीसीआर आणि तीन कॅसेट असा एकत्र भाव असायचा. वर्गणी काढायची, हातगाडीवरून किंवा सायकलच्या कॅरिअरला बांधून यंत्र आणायचे, अंगणात सतरंजी टाकायची आणि पहाटेपर्यंत लागोपाठ तीन सिनेमे पाहायचे. तीन तासांच्या कॅसेटवर आपला हिंदी चित्रपट बरोबर मावे. लांबच्या गाड्यांवर ‘व्हिडिओ कोच’ अशी पाटी लागली, हॉटेलांच्या मागच्या खोल्यांत व्हिडिओ पार्लरे उघडली. चित्रपटगृहांचे धाबे दणाणले. १९८४ साली कॉपीराइटचा कायदा दुरुस्त करून व्हिडिओ फिल्मलाही त्याच्या कक्षेत आणावे लागले, यावरून लोंढा केवढा होता याची कल्पना यावी.

या इतिहासात आपल्या शहराचा वाटा केवळ गिऱ्हाइकाचा नाही. पैठण रस्त्यावर चितेगावला धूत कुटुंबाचा व्हिडिओकॉनचा कारखाना उभा राहिला. तोशिबा या जपानी कंपनीच्या तांत्रिक साह्याने तिथे रंगीत संच बनू लागले आणि व्हिडिओ हा शब्द कंपनीच्या नावातच येऊन बसला. चिकलठाणा आणि वाळूजला गरवारेंच्या कारखान्यांत पॉलिएस्टरची फिल्म बनते. व्हिडिओ फितीचा पाया याच जातीच्या फिल्मचा असतो. तिच्यावर चुंबकीय भुकटीचा लेप दिला की फीत तयार होते. ऐंशीच्या दशकात इथल्या हजारो घरांतली चूल इलेक्ट्रॉनिक्सच्या आणि प्लास्टिकच्या कारखान्यांवर पेटत होती. व्हिडिओकॉन २०१८ साली दिवाळखोरीच्या कारवाईत गेली. जपानच्या ज्या फुनाई कंपनीचे स्वस्त व्हीसीपी आपल्याकडे घरोघर होते, तिने जुलै २०१६ मध्ये व्हीसीआरचे उत्पादन थांबवले. सुटे भाग मिळेनासे झाले, हे एक कारण होते. व्हीसीआर बनवणारी जगातली ती शेवटची कंपनी. २०२४ साली तीही दिवाळखोर ठरली. म्हणजे आज जगात जेवढी यंत्रे शिल्लक आहेत तेवढीच. नवे एकही जन्माला येणार नाही.

सिनेमे काही बुडाले नाहीत. ते पुढे व्हीसीडीवर आले, डीव्हीडीवर आले, आता मोबाइलवर आहेत. जे बुडते आहे ते वेगळेच. ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात खांद्यावर कॅमेरा आणि हातात प्रखर दिवा घेतलेला ‘व्हिडिओ शूटिंगवाला’ लग्नात दिसू लागला. त्याआधी सामान्य मराठी कुटुंबाचे हलते-बोलते चित्र जवळजवळ नव्हतेच. फोटो होते, पण त्यात आजी गप्प होती. फितीवर ती उखाणा घेताना दिसली, व्याह्यावर रुसताना दिसली, नातवाला हाक मारताना ऐकू आली. लग्ने, बारशी, गणपती, शाळेचे संमेलन, नेत्यांच्या सभा हे सारे त्या काळ्या डब्यांत गेले. १९८८ साली ‘न्यूजट्रॅक’ नावाचे बातम्यांचे मासिक चक्क कॅसेटवर निघू लागले आणि दूरदर्शन दाखवत नसे ते लोक भाड्याने आणून पाहू लागले. गल्लीतला केबलवालाही सुरुवातीला एका खोलीत व्हीसीआर लावूनच घराघरांत सिनेमा सोडत असे.

यातले बरेचसे आपणच पुसले. कॅसेटच्या पाठीवर एक छोटी प्लास्टिकची टिकली असते. ती मोडली की त्यावर पुन्हा रेकॉर्डिंग होत नाही. ही सोय मुद्दाम ठेवलेली. पण मोडलेल्या जागी सेलोटेप चिकटवला की यंत्र फसते, हे आपल्या पोरांनी लगेच शोधून काढले. त्यामुळे कितीतरी लग्नांच्या मंगलाष्टकांवर आज एकदिवसीय क्रिकेटचा सामना किंवा रविवारचा सिनेमा आहे. यात घरच्यांना तरी काय बोल लावायचा? फीत महाग म्हणून बीबीसीसारख्या संस्थेनेही साठ-सत्तरच्या दशकांतले आपले कार्यक्रम पुसून त्याच फिती पुन्हा वापरल्या.

मी यंत्रे जमवू लागलो ती भंगारातून. छावणीत लष्करी कुटुंबांची दर दोन-तीन वर्षांनी बदली होते. निघताना जड सामान विकले जाते. व्हीसीडी आल्यावर त्या सामानात व्हीसीआर दिसू लागले. गुरुवारचा छावणीचा आठवडी बाजार आणि रविवारचा जाफरगेटचा बाजार ही माझी दोन तीर्थक्षेत्रे. तिथे व्हीसीआर किलोवर विकला जातो, कारण घेणाऱ्याचे लक्ष आतल्या तांब्यावर आणि अ‍ॅल्युमिनियमवर असते. मी झाकण उघडून आधी गोल ढोल पाहतो. त्यावर ओरखडा नसेल तर बाकी काहीही बिघडलेले असो, यंत्र घरी येते.

हा ढोल म्हणजे व्हीसीआरचे काळीज. त्याचा व्यास ६२ मिलिमीटर. तो थोडा कललेला असतो आणि मिनिटाला १,५०० फेरे घेतो. त्याच्या कडेला समोरासमोर दोन अतिसूक्ष्म हेड बसवलेली असतात. फीत मात्र अगदी सावकाश सरकते, सेकंदाला जेमतेम २३ मिलिमीटर. गाण्याची साधी कॅसेटही याच्या दुप्पट वेगाने धावते. मग एवढे चित्र मावते कसे? तर ढोल कललेला असल्यामुळे हेड फितीवर तिरप्या रेघा ओढत जाते आणि हेडच्या दृष्टीने फीत सेकंदाला जवळजवळ पाच मीटर वेगाने पळत असते. एकेका तिरप्या रेघेत अर्ध्या चित्राचा मजकूर. अशा ५० रेघा सेकंदाला. ‘ट्रॅकिंग’चे बटण फिरवून आपण पडद्यावरची मुंग्यांची पट्टी घालवायचो, तेव्हा हेड नेमके त्या रेघेवर आणून ठेवत होतो. चित्र ‘पॉज’ केले की हेड एकाच रेघेवर घासत राहते, म्हणून काही मिनिटांनी यंत्र आपणहून थांबते. ज्याने हे घडवले त्याला फितीची काळजी होती.

वीस-पंचवीस वर्षे पडून राहिलेले यंत्र लगेच विजेला लावू नये. आधी धूळ काढावी. आतले रबरी पट्टे सैल होतात, काहींचे चक्क डांबर होते. ते आधी बदलावेत. फितीला ओढणारे रबरी चाक टणक आणि गुळगुळीत झालेले असते, ते स्पिरिटने पुसून खरखरीत करावे किंवा दुसऱ्या यंत्राचे बसवावे. प्लास्टिकच्या गिअरवरचे ग्रीस वाळून मेणासारखे होते. ते खरवडून नवे द्यावे, नाहीतर दात मोडतात. वीजपुरवठ्याच्या भागातले कपॅसिटर सुकतात, कारण घड्याळ चालू राहावे म्हणून हे यंत्र दिवसरात्र तापत असे. ते घड्याळ तरी कुठे चालायचे? भारनियमनात वीज गेली की पुन्हा बारावर येऊन लुकलुकत राही.

हेड साफ करणे ही खरी परीक्षा. स्पिरिटमध्ये बुडवलेला मऊ चामड्याचा तुकडा बोटाने ढोलाला टेकवून स्थिर धरायचा आणि दुसऱ्या हाताने ढोल फिरवायचा. बोट वर-खाली हलवायचे नाही. हेड केसाएवढे नाजूक असते, तटकन तुटते. ज्या वयस्कर कारागिराकडे मी हे शिकलो, ते कोऱ्या कागदाची पट्टी भिजवून हेच काम करायचे आणि म्हणायचे, ‘तान्ह्या लेकराचे डोळे पुसता ना, तसं.’ आणखी एक गोष्ट त्यांनीच दाखवली. झाकण काढलेले यंत्र उन्हात किंवा भगभगीत दिव्याखाली चालवले तर ते मध्येच थांबते. फितीचा शेवट ओळखण्यासाठी आत प्रकाशाचा पहारा असतो. टोकाची पट्टी पारदर्शक. तिच्यातून उजेड पोहोचला की यंत्राला वाटते फीत संपली. बाहेरचा उजेडही त्याला तसाच फसवतो. वर पुठ्ठा झाकला की ‘बिघाड’ दूर! अशा किती यंत्रांना केवळ एका पुठ्ठ्याअभावी भंगारात जावे लागले असेल!

आता हे सारे कशासाठी, ते सांगतो. छावणीत राहणाऱ्या एक बाई काही वर्षांपूर्वी पिशवीत गुंडाळलेली एक कॅसेट घेऊन आल्या. माहेर किल्लारीच्या बाजूचे. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे भूकंपाने तो सारा पट्टा उद्ध्वस्त केला, हे आपल्याला माहीत आहेच. त्या म्हणाल्या, ‘काका, माझ्या लग्नाची हाये. पर मला लग्न न्हाई बघायचं. आमचं घर बघायचंय.’

फितीला बुरशी धरली होती. अशी फीत थेट यंत्रात घालायची नसते, बुरशी हेडवर बसते आणि पुढच्या दहा फिती नासवते. नाकाला फडके बांधून, कॅसेटचे पाच स्क्रू काढून, फीत कोरड्या मऊ कापडातून हळूहळू फिरवून स्वच्छ केली आणि दुसऱ्या चांगल्या डब्यात बसवली. चार संध्याकाळी गेल्या. मग पडद्यावर चित्र आले. वरात एका बोळातून चालली होती. दोन्ही बाजूंना दगड-मातीच्या जाड भिंती, वर मातीची माळवदे आणि माळवदावर दाटीवाटीने बसून खाली पाहणाऱ्या बायका. शूटिंगवाल्याने दिवा सहज वर फिरवला होता, एवढेच. बाई एकेका चेहऱ्याला नावाने हाक मारत होत्या. ‘ही आक्का. ही सुताराची. ही आमची धाकटी.’ ती जड माळवदे आणि त्या भिंतीच त्या पहाटे माणसांवर कोसळल्या. गावे नव्या जागी वसली, घरे निराळी झाली, जुना बोळ राहिला नाही. शूटिंगवाल्याला नवरा-नवरी टिपायची होती. त्याच्या नकळत एक अख्खे गाव टिपले गेले.

ती फीत पाहिल्यापासून मला आपल्याच छावणीचा जुना इतिहास वेगळा वाटू लागला. १८५७च्या जून महिन्यात इथल्या हैदराबाद कंटिंजंटच्या घोडदळात उठाव झाला आणि तो निर्दयपणे मोडून काढला गेला. क्रांती चौकातला काळा चबुतरा त्याची आठवण देतो. पण त्या दिवसांचे वर्णन आपल्याला मिळते ते मुख्यतः साहेबांच्या अहवालांतून. शिपायाच्या घरात त्या रात्री काय बोलणे झाले, खाम नदीपलीकडच्या शहरातल्या बायकांनी काय पाहिले, ते कुणी लिहिले नाही. ऐंशी-नव्वदच्या दशकांची गोष्ट तशी नाही. १४ जानेवारी १९९४ रोजी विद्यापीठाचा नामविस्तार झाला, तेव्हा ज्या कुणी वस्तीतला आनंद टिपला असेल, त्याची फीत हा सामान्य माणसाने स्वतः ठेवलेला पुरावा आहे. फक्त तो कपाटावर पत्र्याखाली तापत पडला आहे.

जगाला ही जाणीव झाली आहे. फिलाडेल्फियात मॅरियन स्टोक्स नावाच्या ग्रंथपाल बाई होत्या. त्यांनी सत्तरच्या दशकाच्या अखेरीपासून २०१२ साली मृत्यू येईपर्यंत घरातल्या अनेक व्हीसीआरवर रात्रंदिवस बातम्या टिपल्या. सत्तर हजारांवर कॅसेट! शेजारपाजारच्यांना नवल वाटले असेल; आज त्या अभ्यासकांचा ठेवा आहेत. २०१९ साली युनेस्कोने दृक्-श्राव्य अभिलेखागारांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेसह चुंबकीय फितींबाबत इशारा दिला, की साधारण २०२५नंतर फिती असतील, पण त्या वाजवणारी यंत्रे आणि जाणकार मिळणे कठीण होईल. ती मुदत आली आहे. आपल्याकडे मोठ्या संस्था चित्रपटांची काळजी घेतात, ते योग्यच आहे. घरोघरच्या फितींची काळजी घरांनीच घ्यायची आहे.

ती फार अवघड नाही. कॅसेट पुस्तकासारखी उभी ठेवा, आडवी रचू नका. पत्र्याच्या छपराखाली, देव्हाऱ्यातल्या समईजवळ किंवा स्पीकरशेजारी ठेवू नका. मराठवाड्याची कोरडी हवा फितीला कोकणापेक्षा मानवते, पण मे महिन्यातला चाळीस अंशांपुढचा उन्हाळा मानवत नाही. मागची टिकली शाबूत असेल तर आजच मोडून टाका. अनोळखी यंत्रात आधी एखादी टाकाऊ कॅसेट चालवून पाहा, मग मोलाची घाला. संगणकावर नक्कल करून घेताना दुकानदाराला एवढेच विचारा, की चित्राचा ताल सावरणारे ‘टाइम बेस करेक्टर’ त्याच्याकडे आहे का. जुना टीव्ही फितीची लटपट सांभाळून घेत असे, संगणक घेत नाही. अमेरिकेतल्या नातेवाइकांनी पाठवलेली डोहाळजेवणाची किंवा बारशाची कॅसेट इथे चालत नाही म्हणून फेकू नका. ती ‘एनटीएससी’ पद्धतीची असेल. बहुपद्धतीचे यंत्र मिळाले की ती बोलू लागेल. आणि नक्कल झाली तरी मूळ फीत टाकू नका. ती साक्षीदार आहे.

राहिले यंत्र. आपल्या माळ्यावर एखादे असेल तर भंगारवाल्याला किलोवर देण्याआधी एकदा विचार करा. चालत नसले तरी त्याचा एखादा गिअर, एखादे रबरी चाक दुसऱ्या यंत्राला जीवदान देऊ शकते. माझ्या खोलीतल्या यंत्रांपैकी निम्मी अशीच एकमेकांच्या अवयवांवर जगत आहेत. ती किती वर्षे चालतील, याचा हिशेब मी मांडत नाही. मी फिती मोजतो. आठवड्याला एक फीत वाचली तर वर्षाला बावन्न. शहरातल्या कपाटांवर त्या किती असतील, ते आपण आज संध्याकाळी स्टुलावर चढून पाहावे.